अंडीवाली

क्रातेनच्या उथळ समुद्रात
खजुराच्या झावळ्या रोवून केलेलं कुंपण,
तो ताहरचा वाटा.
त्याच्या आज्यानं बोटीत उभं राहून
पाण्यावरच हद्द दाखवली होती:
इथून त्या काळ्या खडकापर्यंत आपलं.
भरतीला मासे आत येत,
ओहोटीला परतीची वाट विसरत,
आणि कुणालाच फार धावावं लागत नसे.

पहिला सापडला तेव्हा शाझलियानं
तो चिमट्यात धरून शेजारणींना दाखवला.
निळे डेंगे, पाठीवर पांढरी नक्षी,
मागचे पाय वल्ह्यांसारखे चपटे.
"देखणा आहे मेला," ती म्हणाली.
हे ती आता कबूल करत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात
जाळ्यात मासे नव्हते, माशांची डोकी होती.
तिसऱ्या उन्हाळ्यात जाळंच नव्हतं.
जे होतं त्यातून बकरी आरपार गेली असती.
शाझलिया दारात सुई घेऊन बसे,
एक आस सांधला की शेजारचा सुटे,
अंगठ्याला दोऱ्याचा वळ.
कॉफीच्या टपरीवर पुरुषांनी त्याला
बातम्यांतल्या एका टोळीचं नाव दिलं
आणि ते नाव चिकटलं.

स्फाक्सहून फेरीनं साहेब आले.
तांबड्या समुद्रातला आहे, म्हणाले,
कालव्यातून आला, पाणी तापलं तसा इकडे सरकला.
इथे त्याला शत्रू असा नाहीच.
ऑक्टोपस खातो त्याला, पण ऑक्टोपस तुम्ही...
आणि ते थांबले.
समोरच्या ताटात शाझलियानं वाढलेला
ऑक्टोपसच होता, वरून लिंबू पिळलेला.

ताहर त्या वर्षी वल्ह्यानं खेकडे ठेचायचा.
बोटीच्या तळाशी निळा चुरा.
रात्री झोपेत त्याचा हात उठायचा, पडायचा.

मग बर्फाचा ट्रक आला.
किलोला इतके, डेंगे शाबूत असतील तर इतके.
कोरियात खातात म्हणे.
कोरिया कुठे, हे टपरीवर कुणी विचारलं नाही,
भाव मात्र दोनदा विचारला.
ताहरनं तारेचे पिंजरे घेतले उधारीवर.
झावळ्या त्या हिवाळ्यात बदलल्या नाहीत,
एकेक करून वाऱ्यानं नेल्या.
आज्याची हद्द आता
फक्त काळ्या खडकाला माहीत.

वजदी गेला तो सप्टेंबरात.
मेहुण्याची बोट, एकोणीस माणसं, चंद्र नाही.
ताहरनं पिंजऱ्याचे पैसे मोजले तेव्हा कमी भरले.
तो काही बोलला नाही.
अकरा दिवसांनी सिसिलीतून फोन:
खोलीत सात जण आहोत,
काम मिळालंय मासे भरण्याचं, थंडी आहे.
"इथेही आलेत गं," तो म्हणाला,
"लोक वैतागलेत.
कुठून येतात, कशाला येतात, विचारतात."
"कोण?"
मध्ये नुसती समुद्राची खरखर.
"खेकडे, आई."

फोन ठेवून ती अंगणात गेली.
टोपलीतला एक बाहेर पडून
भिंतीच्या कडेनं तिरका तिरका निघाला होता,
डेंगे वर, जणू तिला अडवायला.
तिनं दगड उचलला.
क्षणभर धरून ठेवला.
मग दगड खाली आलाच.
रात्री हरिसा घालून रस्सा केला,
चांगला झाला होता,
दोघांनी बोटं चाटली.

परवा पहाटे पिंजऱ्यात एक मादी आली.
पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गच्च स्पंज,
त्यात मोजता न येणारे किती डोळे.
अंडीवाल्या कारखाना घेत नाही,
आणि पुढच्या वर्षाचा हप्ताही आहे.
ताहरनं तिला मागच्या पायाशी धरलं,
तान्ह्याला आंघोळीला धरतात तसं, जपून,
आणि बोटीच्या कडेवरून वाकून
पाण्यात सोडलं.
दूरच्या एका बोटीतून कुणी तरी ओरडलं, काय रे?
"काही नाही," तो म्हणाला.

ती बुडाली, वळली,
वल्ही मारत
काळ्या खडकाकडे गेली.